बडबड्या दादा, अबोल धाकटा: दोघांचंही ऐकायचं असेल तर

एक मुलगा बडबड्या आणि दुसरा अबोल असला, की धाकट्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दादाच देऊन टाकतो. धाकटा मग हळूहळू सांगायचंच सोडतो. आमच्याकडे हे लागू पडलं:

१. शाळेतून आल्यावर आधी बोलक्याचं ऐका, मध्ये न तोडता. मन भरलं की तो आपोआप खेळायला पळतो.

२. मग धाकट्याला एखाद्या कामात सोबत घ्या. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, गिरणीतून दळण आणणं, काहीही चालेल. समोर बसवून विचारपूस नको. हात आणि नजर कामात असली की अशी मुलं मोकळी होतात.

३. 'आज शाळेत काय झालं?' हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा आहे. 'डबा कुणाबरोबर खाल्लास?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत अंक मोजा. ती शांतता आपल्यालाच जड जाते, त्याला तेवढा वेळ खरोखर हवा असतो. घाईने दुसरा प्रश्न टाकला की पहिल्याचं उत्तर गेलंच म्हणून समजा.

जेवताना दादा मध्येच बोलला, तर त्याला दटावू नका. 'त्याचं झालं की तुझं ऐकते' म्हणा, आणि आठवणीने ऐका. त्याचाही हक्क आहेच.

एक सांभाळा: 'बघ, दादा कसा धीटपणे बोलतो' हे वाक्य कधीच नको, आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नको.