सेंट्रल व्हॅक्यूमची देखभाल: सक्शन कमी झालं की कुठे पाहायचं

अमेरिकेत किंवा कॅनडात जुनं घर घेतलं की बऱ्याचदा भिंतींत जागोजागी छोटी झाकणं दिसतात आणि गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये एक मोठा डबा (युनिट) टांगलेला असतो. हे सेंट्रल व्हॅक्यूम, म्हणजे घरभरचा केर एका जागी ओढून नेणारं यंत्र. मोटर एकाच जागी असते, तिथून घरभर दोन इंची प्लास्टिकचे पाइप जातात. झाकण उघडून त्या तोंडाला 30 फुटी होज (लवचीक नळी) लावला की मोटर सुरू होते.

सुरुवात युनिटच्या खालच्या, धूळ साठणाऱ्या डब्यापासून करा. प्लग काढा, खालून एका हाताने आधार देऊन क्लिपा सोडा. मोठी पिशवी डब्यावर चढवून तो घराबाहेर उलटा करा, तोंडाला मास्क हवाच. अर्धा भरला की रिकामा करा. रोजच्या वापरात ही वेळ तीन-चार महिन्यांनी येते. परत बसवताना डब्याची कड आणि रबरी गॅसकेट ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. त्यात केसांचा एक गुंता अडकला तरी हवा गळते.

फिल्टर कोणता आहे ते आधी पाहा. उलटी कापडी पिशवी असेल तर खालून हलवून धूळ झाडा. फोमचा असेल तर धुवा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. कागदी फिल्टर झटका, पण 'धुता येतो' असं त्यावर लिहिलं नसेल तर पाण्याला लावू नका. काही सायक्लोन युनिटना (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या) फिल्टरच नसतो.

आता मुख्य तक्रार: 'ओढतच नाही.' तंत्रज्ञाला बोलावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा.

१. युनिटवरच होज लावायचं तोंड असेल तर तिथे तळहात लावा. तिथेच सक्शन कमी असेल तर डबा, फिल्टर, गॅसकेट किंवा हवा बाहेर सोडणारी नळी तपासा.

२. तिथे ठीक असेल तर होज काढून भिंतीतल्या प्रत्येक तोंडावर तपासा. आतल्या दोन छोट्या धातूच्या ठिपक्यांना पेपरक्लिप टेकवली की मोटर चालू होते. तिथे फक्त 24 व्होल्ट असतात. मात्र त्या तोंडावर ब्रशच्या मोटरसाठी विजेचे जास्तीचे पॉइंट असतील तर क्लिप लावू नका.

३. एकाच तोंडावर सक्शन कमी असेल तर बहुधा त्याच्या मागच्या काटकोनी वळणात काहीतरी अडकलंय. पेन्सिल, स्ट्रॉ, हेअरपिन पुढे जाऊन मधल्या पाइपात रुतू नयेत म्हणून ते वळण मुद्दाम तीव्र ठेवलेलं असतं. प्लेटचे स्क्रू काढून आत डोकवा.

४. भिंतीवर जोर असेल पण हँडलला नसेल तर दोष होजचा. तो उलटा लावून चालवला की अडकलेलं आल्या वाटेने बाहेर येतं.

पाइपातच अडकलं असेल तर सर्वांत जवळच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा, काही सेकंदांनी झटकन काढा. पाच-सहा वेळा करा. तरीही हललं नाही तर सेंट्रल युनिट बंद ठेवून त्याच तोंडाला साधा मोठा व्हॅक्यूम लावून उलट्या दिशेने खेचा. नळवाल्याची तार आत घालू नका: हा पाइप पातळ असतो, सांधे सुटले तर भिंत फोडावी लागते.

मोटर सुरूच होत नसेल तर युनिटवरचं रीसेट बटण दाबा. गरम होऊन बंद पडली असेल तर अर्धा तास थांबा. उलट, होज काढल्यावरही ती चालूच राहत असेल तर बहुधा एखाद्या तोंडाची वायरिंग शॉर्ट झाली आहे.

रांगोळी, प्लास्टरची पूड, गरम राख आणि ओलं काहीही ओढू नका. दिवाळीनंतर दारातली रांगोळी आधी केरसुणीने भरून घ्या. ती बारीक भुकटी फिल्टरची छिद्रं बुजवते. दर महिन्याला ब्रशच्या रोलरवरचे केस कात्रीने कापा, नाहीतर पट्टा घसरतो.

मोटरमधून जळका वास, ठिणग्या किंवा नवी घरघर आली तर ती चालवत राहू नका. कार्बन ब्रश (मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले असतील तर ते स्वस्तात बदलता येतात, पण तसंच रेटलं तर पूर्ण मोटर बदलावी लागते.