पळताना कॅमेरा काढू नका: इंदूरच्या ट्रेलवरच्या चुका

पावसाळा लागला की जानापाव, तिंछा, चोरलकडे पळायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. हौस उत्तम आहे, पण दरवर्षी त्याच चुका बघवत नाहीत.

पहिली चूक, पळता पळता व्हिडिओ काढणं. यात मी कुणाचं ऐकत नाही. माळव्याची काळी माती भिजली की बुटाला थरावर थर चिकटतो, तळव्याची नक्षी बुजते आणि पाय जड होतो. अशा बुटाने शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर पाऊल पडलं की संपलंच. जानापावच्या उतारावर आमच्यातला एक नवखा मुलगा रस्त्यावर पळायचे बूट घालून, मोबाइल तोंडासमोर धरून उतरत होता. घोटा मुरगळला, गुडघा फुटला. आळीपाळीने खांदा देत त्याला खाली आणेपर्यंत अंधार पडला. व्हिडिओत काय होतं? हललेलं आभाळ. माझी सवय अशी: थांबायचं, बूट दगडावर खरवडायचे, श्वास खाली येऊ द्यायचा, मगच कॅमेरा बाहेर. धापा टाकणाऱ्या हातात फोटो स्थिर येतच नाही. पळणारा मित्र टिपायचा असेल तर तुम्ही उभे राहा आणि शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. निघण्याआधी अर्धा तास तो बंद बॅगेतच बाल्कनीत ठेवा.

फोटोसाठी धबधब्याच्या पात्रात उतरू नका. खाली ऊन असलं तरी वर झालेल्या पावसाचं पाणी अचानक येतं. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला माणसं अशीच वाहून गेली.

सगळ्यात जास्त राग येतो तो सारसांच्या बाबतीत. इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि सारस घरटी बांधतात ती याच दिवसांत, उथळ पाण्यात. जवळून फोटो हवा म्हणून लोक बांधावरून धावत जातात. जोडी उठली की अंडी उघडी पडतात, कावळ्यांना तेवढं पुरतं. घाई असणाऱ्याने पक्ष्यांच्या वाटेला जाऊच नये. मी लांब बसते. पक्षी मान वर करून बघू लागला, म्हणजे मी जास्त जवळ आले, म्हणून मागे सरकते. छोटा दिसला तरी चरत असलेला सारस मला घाबरलेल्या सारसापेक्षा हजारदा प्रिय आहे.

आणि घरट्याच्या फोटोवर लोकेशन टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या असतात.