पिस्टन आणि व्हॉल्व्हमधील अंतर मोजताना या चुका टाळा

पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वर, आणून तेवढ्या एकाच जागी अंतर तपासणे ही सर्वांत घातक चूक आहे. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या ओव्हरलॅपच्या काळात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना पिस्टन खालून त्याच्या मागे येतो, आणि टीडीसी ओलांडल्यावर उघडणारा इनटेक व्हॉल्व्ह खाली उतरणाऱ्या पिस्टनचा पाठलाग करतो. त्यामुळे एक्झॉस्टचे सर्वांत कमी अंतर बहुधा टीडीसीच्या सुमारे 10 अंश आधी आणि इनटेकचे सुमारे 10 अंश नंतर सापडते. क्रँकला डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली चकती, लावून टीडीसीच्या दोन्ही बाजूंना 20 अंशांपर्यंत, दर 2 अंशांवर माप घ्यावे. पूर्ण लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडलेला असताना, माप घेणेही निरुपयोगी आहे, कारण तोपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असतो.

हायड्रॉलिक टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) तसेच ठेवून मोजले, तर हमखास फसगत होते. तेलाचा दाब नसताना मूळ स्प्रिंगच्या जोराने टॅपेट आतून दबतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. यासाठी तात्पुरता सॉलिड टॅपेट वापरावा किंवा हलक्या स्प्रिंग बसवाव्यात. हलक्या स्प्रिंगचा आणखी एक फायदा असा, की व्हॉल्व्ह हाताने पिस्टनला टेकेपर्यंत दाबून डायल गेजवर अंतर थेट वाचता येते, आणि माझ्या मते पिस्टनवर मऊ माती (मॉडेलिंग क्ले) थापून तिच्यावर उमटलेला व्हॉल्व्हचा ठसा मोजण्यापेक्षा हीच पद्धत अधिक भरवशाची आहे.

मातीच वापरायची असेल, तर व्हॉल्व्हला तेलाचा हात लावावा, क्रँक इंजिनाच्या चालीच्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावा, आणि दबलेली माती धारदार पात्याने कापून सर्वांत पातळ जागा मोजावी. क्रँक मध्येच अडल्यास जोर लावू नये.

हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पातळ पट्टी) न लावता मोजून नंतर तिची जाडी मापात मिळवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: जाडी दबलेल्या गॅस्केटची धरावी लागते, आणि व्हॉल्व्ह तिरके असल्यास अंतरात नेमकी तेवढीच भर पडेल असे नाही. वापरायची आहे त्याच जाडीची गॅस्केट लावून, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून मोजणे उत्तम.

स्टीलच्या कनेक्टिंग रॉडसाठी इनटेकला किमान सुमारे 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. कॅम किंवा पिस्टन बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा. एक्झॉस्टला जास्त जागा लागते, कारण तो व्हॉल्व्ह अधिक तापून लांबतो, शिवाय वेग वाढून स्प्रिंगचा ताबा सुटला तर वर येणारा पिस्टन त्यालाच गाठतो. ॲल्युमिनियमचे रॉड अधिक ताणले जातात, म्हणून त्यांना याहूनही जास्त अंतर द्यावे. व्हॉल्व्हची कड आणि पिस्टनमधील खाचेची भिंत यांच्यातली मोकळीक मात्र पुष्कळजण तपासतच नाहीत. तीही साधारण 1.3 ते 1.5 मिमी हवी.

कॅमची डिग्री, म्हणजे क्रँकच्या तुलनेत तो किती अंशांवर बसवायचा ते, आधी पक्की करून मगच हे सारे मोजावे. कॅम पुढे सरकवला, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतील असा बसवला, की इनटेकचे अंतर घटते, मागे नेला की एक्झॉस्टचे घटते; म्हणून नंतर कॅमला हात लावला किंवा हेड घासून घेतले, तर आधीचे माप रद्द समजून पुन्हा मोजावे.