‘क्राउचिंग टायगर’चं कौतुक खरं की फुगवलेलं, हे घरच्या घरी कसं पारखावं

दिग्दर्शक आंग ली यांच्या २००० सालच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ या चिनी तलवारबाजीच्या सिनेमाबद्दल लोक दोनच गोष्टी सांगतात. त्याला ऑस्कर मिळाले, आणि त्यात माणसं उडतात. यातल्या एकीवरूनही सिनेमा कसा आहे ते ठरत नाही. ऑस्करच्या दहा नामांकनांपैकी चार पुरस्कार पदरात पडले: परभाषी चित्रपट, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि संगीत. अभिनयासाठी कोणाचं नाव यादीतही नव्हतं, आणि मारामारी बसवणाऱ्याला द्यायचा पुरस्कारच तेव्हा नव्हता. म्हणजे ज्या दोन खांबांवर हा सिनेमा उभा आहे, त्यांबद्दल ऑस्करवाल्यांनी मत दिलेलंच नाही. ते आपलं आपण द्यायचं. कसं, ते सांगतो.

मी दशावतारात झांज वाजवतो. कार्तिकात जत्रा लागल्या की वेंगुर्ल्याच्या आसपासच्या देवळांत रात्री जागवायच्या, पावसाळा आला की झांज फडक्यात गुंडाळून ठेवायची. झांजवाल्याला नटाच्या तोंडाकडे बघायला फारशी सवड नसते, नजर पायांवर ठेवावी लागते. युद्ध सुरू झालं की दोघे समोरासमोर फेर धरतात. पाऊल पडेल तिथे झांज पडली पाहिजे, आणि घाव पखवाजाच्या थापेआधी गेला तर मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं. त्यामुळे मी कुठलीही मारामारी पायांकडून वर बघत जातो. तुम्हीही या सिनेमापुरतं तसंच करा.

सुरुवातीची तयारी थोडी, पण टाळू नका. मूळ मँडरिन आवाज आणि खाली अक्षरं असलेली प्रतच घ्या. डब केलेल्या आवाजात नटांचा श्वास जातो आणि इथे श्वासाला किंमत आहे. मोबाइलवर बघू नका. पहिली मोठी मारामारी रात्रीच्या अंधारात, काळ्या कपड्यांत, छपरांवर होते. एवढ्याशा पडद्यावर सावल्या धावताना दिसतील, बाकी काही नाही. आणि घरावर पत्रे असतील तर पावसाची सर ओसरेपर्यंत थांबा किंवा कानात इअरफोन घाला. संगीतकार तान दुन यांनी त्या मारामारीला नुसता तालवाद्यांचा कल्लोळ दिलाय. तो पत्र्यावरच्या पावसात हरवला तर अर्धा प्रसंग गेला.

आता उडण्याचं. आमच्या शेजारच्या पोराने पहिल्याच उडीला विचारलं, “काका, ता चेडू उडता कसा?” याचं खरं उत्तर साधं आहे. नटांना तारांनी बांधलं, तारा माणसांनी ओढल्या, आणि नंतर संगणकावर त्या पुसून टाकल्या. हे सगळं बसवलं युएन वू-पिंग यांनी. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘द मेट्रिक्स’च्या मारामाऱ्याही त्यांच्याच. पण तार कुठे होती हे शोधत बसलात तर सिनेमा हातचा जाईल. आमच्याकडे राजा बाकड्याभोवती एक फेरी मारतो आणि लंकेत पोचतो. आजवर कोणी उठून विचारलं नाही की समुद्र कधी ओलांडला. मात्र तोच राजा पुढच्या प्रवेशात वाट चालून दमला, तर मांडवात हशा पिकतो. बघायचं ते हे: सिनेमाने स्वतःला घालून घेतलेला नियम तो पाळतो का?

त्यासाठी छपरावरचा पाठलाग पुन्हा लावा आणि फक्त पाय बघा. तोंड झाकून तलवार चोरणारी मुलगी जेन (झांग झियी) सारखी वर निसटू पाहते. तिच्या मागे लागलेली तलवारबाज शू लिएन (मिशेल यो) तिला सारखी खाली ओढते, अडवते, जमिनीवर आणते. एकीला आकाश हवंय, दुसरी जमीन सोडायला तयार नाही. शू लिएनचं आयुष्यही तसंच आहे: मेलेल्या वाग्दत्त वराच्या आठवणीचा मान राखायचा म्हणून तलवारबाज ली मू बाईवरचं (चाऊ युन-फॅट) प्रेम तिने वर्षानुवर्षं तोंडातून काढलेलं नाही. जेन लग्न ठरलेलं असताना घरातून पळू बघतेय. या दोघींचा स्वभाव आपल्याला संवादातून कळायच्या आधी पायांतून कळतो. इथे सिनेमाचं कौतुक शंभर टक्के खरं.

दुसरी परीक्षा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, शू लिएनच्या अंगणातल्या झुंजीची. ही आधी आवाज बंद करून बघा. जेनच्या हातात ती प्रसिद्ध ‘ग्रीन डेस्टिनी’ तलवार. शू लिएन एकामागून एक शस्त्रं उचलते. जोडतलवारी, भाला, आकडे असलेल्या तलवारी, आणि एक धातूचं अवजड हत्यार, जे तिच्याच्याने पेलवतही नाही. प्रत्येक शस्त्राबरोबर तिची उभी राहण्याची ढब बदलते का, ते तपासा. बदलते. भाला घेतला की अंतर वाढतं, जोडतलवारींत दोघी अंगाला अंग घासतात. कॅमेरा मागे राहून दोघींना डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो, त्यामुळे कोण खरंच हलतंय ते लपत नाही. हल्लीच्या मारामाऱ्यांत पापणी लवायच्या आत तीन तुकडे जोडलेले असतात. तिथे पाय असतात की नसतात देव जाणे. शेवटी शू लिएन तुटक्या तलवारीनिशी जेनच्या गळ्याशी येते आणि थांबते. आणि त्या थांबण्याचा फायदा घेऊन जेन तिच्या दंडावर वार करते. कोण जिंकलं, कोण हरलं, कोणाचं शील कसं, सगळं तेवढ्यात उरकलं. आता आवाज लावून परत बघा.

या झुंजीमागची एक माहिती मला फार आवडते. मिशेल यो लहानपणापासून बॅले शिकलेली. झांग झियी बीजिंगमध्ये नृत्यशाळेत तयार झालेली. खलनायिका जेड फॉक्स करणारी चेंग पेई-पेई, तीही बॅले शिकलेली. तिघी आधी नाचणाऱ्या, मग लढणाऱ्या. त्यात मिशेल योच्या गुडघ्याला याच चित्रीकरणात मोठी दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करून ती परत आली. ज्याने पहाटे चारला सुजलेल्या घोट्यानिशी फेर धरलेला स्त्रीपार्टी नट बघितलाय, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

बांबूच्या बनातल्या प्रसंगाला मी जरा कमी गुण देतो. लोक सगळ्यात जास्त त्याचंच नाव घेतात. हिरवा रंग, शेंड्यांचं झुलणं, पांढरे कपडे, डोळे निवतात. पण ते काम छायाचित्रकार पीटर पाउ यांचं आणि बांबूचं. झुंज म्हणून तिथे फारसं घडत नाही. ली मू बाई जेनला खेळवतो, इतकंच. शिवाय बांबूच्या बनातली झुंज ही काही यांची नवी कल्पना नाही. दिग्दर्शक किंग हू यांनी ‘अ टच ऑफ झेन’मध्ये ती १९७१ च्या सुमाराला करून ठेवली होती, तीही उडी मारायचे ट्रॅम्पोलिन आणि संकलनातली कात्री यांच्या जोरावर. त्यांना १९७५ मध्ये कान चित्रपट महोत्सवात तांत्रिक पुरस्कारही मिळाला. तेव्हा कोणी म्हणालं, ‘असं आधी कुणी केलंच नव्हतं’, तर तेवढं कौतुक खुशाल वजा करा.

चीनमध्ये या सिनेमाचं स्वागत थंडच झालं; तलवारबाजांच्या अशा गोष्टी बघतच तिथली पिढी वाढली होती. अमेरिकेत मात्र त्याने १२ कोटी डॉलरच्या वर कमावले, परभाषी चित्रपटाला तिथे तोवर एवढे मिळाले नव्हते. मँडरिन बोलणाऱ्यांची आणखी एक तक्रार होती, उच्चारांची. चाऊ युन-फॅट हाँगकाँगचा, मिशेल यो मलेशियाची, चांग चेन तैवानचा, झांग झियी बीजिंगची. एका गोष्टीतली माणसं चार मुलुखांची भाषा बोलतात. आपल्या कानाला हे कळणार नाही. म्हणून संवादफेकीवर निकाल देण्याच्या भानगडीत आपण पडू नये, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

कथेवर मात्र देता येतो. मधला वाळवंटातला भाग, जेन आणि दरोडेखोर लो (चांग चेन) यांचं जुनं प्रेम, लांबलाय. बघताना घरातलं कोण कधी चहा टाकायला उठतं ते ध्यानात ठेवा. आमच्याकडे बरोबर तिथेच उठले. लोने हिसकावलेल्या ज्या कंगव्यासाठी जेन त्याच्या मागे एवढी धावते, त्या कंगव्यानेही एका मर्यादेपर्यंतच धावावं.

आणि राक्षसाकडे नीट बघा. आमच्या जत्रेत राजा बेताचा असला तर चालतो, राक्षस मात्र जबरदस्त लागतो, पोरंसोरं त्याच्यासाठीच जागतात. जेड फॉक्सची कैफियत ऐका. वुडांग या तलवारविद्येच्या मठातल्या गुरूने तिला शय्येवर घेतलं पण विद्या दिली नाही, म्हणून तिने त्याला मारलं आणि ग्रंथ पळवला. त्यातली अक्षरं तिला लागेनात. ती नुसत्या आकृत्या बघून शिकली. तिची शिष्या जेन हिला वाचता येत होतं. ती गुपचूप पुढे गेली आणि जेड फॉक्सला सांगितलंही नाही. विषारी सुईपेक्षा हा घाव खोल आहे, आणि चेंग पेई-पेई शेवटच्या क्षणी तो चेहऱ्यावर दाखवते. १९६६ मध्ये किंग हू यांच्याच ‘कम ड्रिंक विथ मी’ची ती तलवारवाली नायिका होती. तिला म्हातारपणी खलनायिका करणं हा आंग ली यांचा या सिनेमातला सगळ्यात शहाणा निर्णय.

माझा हिशेब असा: झुंजींना, तिन्ही बायकांना आणि तान दुनच्या तालाला पूर्ण दाद, कथेला अर्धी, नवेपणाला फारच थोडी. चाऊ युन-फॅट बंदुकीच्या सिनेमांतून गाजलेला. तो उभा छान राहतो, पण पाय बोलत नाहीत. तुमचा हिशेब वेगळा निघाला तर कुठल्या झुंजीवरून निघाला तेवढं लिहून ठेवा, आणि मग ‘अ टच ऑफ झेन’ लावून ताडून बघा. तो तीन तासांचा आहे आणि पहिली तलवार निघायलाच तासभर जातो. जेवणं उरकून बसा, आणि इन्व्हर्टर चार्ज आहे ना ते आधी बघा.