वेब पानावरून सुरू केलेले लांबलचक काम पार्श्वभूमीत कसे चालवावे

सीमाभागातील वाचनालये आणि शाळा यांच्या कपाटांत जुने अहवाल, इतिवृत्ते आणि स्मरणिका पडून असतात, आणि त्यांपैकी काहींत मराठी व कन्नड मजकूर एकाच पानावर असतो. अशा कागदांचे स्कॅन वेब पानावरून सर्व्हरवर चढवायचे, ‘पीडीएफटूपीपीएम’ने प्रत्येक पानाची प्रतिमा करायची आणि ‘टेसरॅक्ट’ या अक्षरे ओळखणाऱ्या साधनाला दोन्ही भाषा एकत्र सांगून मजकूर काढायचा, ही व्यवस्था बेळगाव किंवा निपाणीतील एखादे वाचनालय साध्या लिनक्स संगणकावर पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या साहाय्याने उभी करू शकते. मात्र दोनशे पानांच्या ग्रंथाला लागणारा वेळ ब्राउझरच्या एका विनंतीत मावत नाही. पान फिरत राहते आणि शेवटी 504 क्रमांकाची (वेळेत उत्तर न मिळाल्याची) त्रुटी येते.

यावर पीएचपीची 30 सेकंदांची मूळ कालमर्यादा वाढवण्याचा सल्ला नेहमी दिला जातो, पण तो येथे लागू पडत नाही. लिनक्सवर पीएचपीच्या ‘एक्झेक’ या फंक्शनने चालवलेल्या बाहेरील कमांडचा वेळ त्या मर्यादेत धरलाच जात नाही. विनंती तोडतो तो बहुधा वेब सर्व्हर: एनजिनएक्स मूळ मांडणीत पीएचपीच्या उत्तरासाठी 60 सेकंद थांबतो, आणि अपाचेची मूळ मर्यादाही 60 सेकंदांचीच आहे. त्यामुळे मर्यादा ताणत बसण्यापेक्षा काम विनंतीपासून वेगळे करावे. ‘एक्झेक’ला द्यावयाची ओळ पुढीलप्रमाणे असते; तीतील ‘वाचन.एसएच’ ही पाने वाचणारी स्क्रिप्ट आहे. ओळ येथे उच्चारानुसार लिहिली आहे, टंकताना मूळ रोमन अक्षरे वापरावीत.

नोहप /ऑप्ट/ग्रंथ/वाचन.एसएच 417 > /व्हार/ग्रंथ/417.लॉग 2>&1 < /डेव्ह/नल & इको $!

शेवटचे ‘&’ चिन्ह काम पार्श्वभूमीत टाकते, परंतु नुसत्या त्या चिन्हाने पान मोकळे होत नाही. कमांडचे आउटपुट ज्या नळीतून पीएचपीकडे येते, ती नळी उघडी असेपर्यंत ‘एक्झेक’ थांबून राहते. म्हणून आउटपुट आणि त्रुटी दोन्ही फाइलकडे वळवणे अनिवार्य आहे. यात क्रमही महत्त्वाचा आहे: आधी आउटपुट लॉगकडे वळवावे आणि मगच त्रुटींना आउटपुटच्याच वाटेने पाठवणारे ‘2>&1’ लिहावे. उलट लिहिल्यास त्रुटी जुन्याच वाटेने जातात आणि पान पूर्वीप्रमाणेच अडकते. ‘नोहप’ हँगअपचा संकेत दुर्लक्षित करायला लावतो, आणि ‘इको $!’मुळे त्या प्रक्रियेचा क्रमांक पीएचपीला लगेच मिळतो, जो नोंदवहीत किंवा डेटाबेसमध्ये जपून ठेवावा.

ही ओळ वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. डेबियन आणि उबंटूवर तो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतो. आपल्या टर्मिनलमध्ये चालणारी कमांड तेथे अनेकदा सापडत नाही किंवा लॉग लिहिण्याची परवानगी नसते. प्रत्येक मार्ग पूर्ण लिहावा आणि ‘सुडो’ने त्याच वापरकर्त्याच्या नावाने एकदा हाताने चालवून पाहावे.

मराठी वापरकर्त्यांनी ज्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे फाइलचे नाव. बाहेरून आलेला कोणताही मजकूर ‘एस्केपशेलआर्ग’मधून गाळल्याशिवाय कमांडमध्ये घालू नये, हा नियम कडकपणे पाळावा. परंतु लोकेल, म्हणजे भाषा व अक्षरसंचाची मांडणी, ‘सी’ असेल, तर हेच फंक्शन देवनागरी आणि कन्नड अक्षरे निमूटपणे काढून टाकते, आणि ‘येळ्ळूर अहवाल’ या नावातून केवळ मधली मोकळी जागा उरते. ‘सेटलोकेल’ने एलसी_सीटाइप हा अक्षरांपुरता भाग यूटीएफ-8 करता येतो, तरीही मला अधिक भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे फाइल क्रमांकाने साठवणे, मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवणे आणि शेलकडे, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, फक्त पूर्णांक पाठवणे. वरच्या ओळीतील 417 हा तसाच क्रमांक आहे.

आता या पद्धतीची मर्यादा. लिनक्सवरील सेवा सांभाळणारी सिस्टमडी एखादी सेवा थांबवताना मूळ मांडणीत त्या सेवेच्या गटातील सर्व प्रक्रिया थांबवते, आणि पीएचपी-एफपीएम या पीएचपी चालवणाऱ्या सेवेतून निघालेले काम त्याच गटात मोडते. अद्यतनानंतर एफपीएम पुन्हा सुरू झाले की अर्ध्यावर आलेले वाचन संपते. तेथे ‘नोहप’चा उपयोग होत नाही. शिवाय खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीकडच्या मुसळधार पावसात, वीज जाणे गृहीत धरूनच मांडणी करावी लागते. अधूनमधून चालणाऱ्या छोट्या कामाला वरची ओळ पुरेशी आहे, पण कायमच्या व्यवस्थेसाठी वेब पानाने शेलला हातच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी पानाने डेटाबेसमध्ये ‘प्रलंबित’ अशी एक नोंद करावी, आणि दर मिनिटाला क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनाने एक स्क्रिप्ट चालवून पुढील नोंद उचलावी. ही स्क्रिप्ट ‘फ्लॉक -एन’ या कुलूप लावणाऱ्या कमांडखाली चालवावी, म्हणजे आधीचे काम चालू असताना दुसरे सुरू होत नाही आणि कोणी बटण चार वेळा दाबले तरी संगणक गुदमरत नाही. हे कुलूप प्रक्रियेसोबत आपोआप सुटते, त्यामुळे वीज गेल्यावर शिळे कुलूप मागे राहत नाही. स्क्रिप्टने एकेक पान हाताळावे, मजकूर आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच त्याच फाइलप्रणालीत ‘एमव्ही’ने अंतिम नाव द्यावे, आणि ज्या पानाची अंतिम फाइल आहे ते वगळावे. मग वीज परतल्यावर काम उरलेल्या पानापासून पुढे चालते. क्रॉनच्या ओळीत ‘नाइस -एन 19’ (सर्वांत कमी प्राधान्य) जोडल्यास त्याच संगणकावरील इतर पाने मंदावत नाहीत.

प्रगती दाखवण्यासाठी स्वतंत्र पान ठेवावे, जे दर काही सेकंदांनी तयार मजकूर-फाइली मोजून ‘200 पैकी 64 पाने’ असे सांगेल. काम संपताच स्क्रिप्टने कमांडचा निर्गम-अंक (संपताना कमांड देते तो यश-अपयशाचा अंक) नोंदीत लिहावा; शून्य असेल तरच ‘पूर्ण’ म्हणावे, अन्यथा लॉगच्या शेवटच्या ओळी ग्रंथपालांना दाखवाव्यात.