खाऱ्या वाऱ्यात टिकणारे गिअर : ड्रॉप हँडलचे शिफ्टर आणि वायर

रेवस ते रेडी सागरी मार्गावर सायकलचे गिअर बदलण्यातून उसंत मिळत नाही. खाडी ओलांडली की चढ, सड्यावर जरा सपाटी, की लगेच पुढच्या गावाकडे उतार. वर खारा वारा, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणून इथे ड्रॉप हँडलसाठी (पुढे येऊन खाली वळणाऱ्या हँडलसाठी) शिफ्टर, म्हणजे गिअर बदलणारी कळ, घेताना आधी एवढंच बघा, की त्याची वायर किती सहज बदलता येते. वजन आणि स्पीड (मागचे गिअर) किती, ते नंतर.

ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर असलेला जोड-शिफ्टर खड्ड्यांच्या रस्त्यावर सर्वांत सोयीचा, कारण हात ब्रेकवरून हलत नाही. मात्र गिअरची वायर हँडलवर गुंडाळलेल्या बारटेपखालून नेणाऱ्या लिव्हरमध्ये ती आतल्या आत आवळ वळण घेते आणि नेमकी टोकाच्या जाड डोक्यापाशी एकेक धागा सोडू लागते. तुटलेला तुकडा आत अडकला की काढताना जीव मेटाकुटीला येतो. लिव्हरवरचा रबरी पडदा उचलून दर दोन महिन्यांनी टॉर्चने बघा, एक धागा जरी उभा दिसला तरी वायर बदला. सामान लादून लांब जाणाऱ्यांना आम्ही हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर सुचवू. त्यांत वायरचं वळण मोठं असतं आणि बिघडण्यासारखं आत फारसं काही नसतं. डाउनट्यूबवरचे, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरचे, शिफ्टर सगळ्यांत साधे, पण उतारावर हँडल सोडून हात खाली न्यावा लागतो. या रस्त्यांवर नकोच.

सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलला ड्रॉप हँडल लावायचं असेल तर मेळ आधी तपासा. ड्रॉप हँडलचा व्यास लिव्हरच्या जागी २३.८ मिमी, सरळ हँडलचा २२.२ मिमी, त्यामुळे जुने शिफ्टर त्यावर चढत नाहीत. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडमध्ये रोड सायकलचा शिफ्टर एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) मागच्या डिरेलरवर, म्हणजे साखळी सरकवणाऱ्या भागावर, चालतो, पुढच्या डिरेलरवर नीट चालत नाही. १० स्पीडमध्ये हा मेळ तुटतो. शिमानोचाच टियाग्रा ४७०० हा १० स्पीड रोड संच तर जुन्या १० स्पीड रोडशीही जुळत नाही. रिमला दोन लांब भुजांनी दाबणाऱ्या व्ही-ब्रेकला साधा रोड लिव्हर लावू नका. तो वायर कमी ओढतो, त्यामुळे पॅड रिमपासून थोडे दूर असले तरी लिव्हर हँडलला टेकतो. व्ही-ब्रेकसाठी जास्त वायर ओढणारे वेगळे ड्रॉप लिव्हर मिळतात.

वायर स्टेनलेस स्टीलचीच घ्या : गिअरला १.२ मिमी, ब्रेकला १.५ किंवा १.६ मिमी. वायर ज्या नळीतून जाते ते आऊटर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची अदलाबदल जिवावर बेतते. गिअरच्या ४ मिमी आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात. ब्रेकच्या ताणाखाली तो फाटू शकतो. ब्रेकचा ५ मिमी आऊटर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. तो दबतो, म्हणून गिअरला लावला तर गिअर नेमके बसत नाहीत.

आऊटर कापताना आत जुनी वायर ठेवा, म्हणजे नळी चेपत नाही. केबल-कटरच वापरा, पकडीने कापलेलं तोंड चपटं होतं. मग दाभणाने आतलं अस्तर गोल करा आणि ब्रेकच्या आऊटरचं टोक कानशीने सपाट घासा. आऊटरची लांबी ठरवायला हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ताणही पडू नये आणि कमानीत घडीही पडू नये. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बाहेर स्टॉप (आऊटरचं टोक जिथे अडकतं ते खाचे) असतील तर उजव्या शिफ्टरचा आऊटर डाव्या स्टॉपला आणि डाव्याचा उजव्याला द्या. हेडट्यूबपाशी, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीपाशी, वळण सैल राहतं, रंग खरवडत नाही. उघड्या वायरी डाउनट्यूबखाली फुली मारतात. त्या एकमेकींना हलकेच घासल्या तरी बिघडत नाही.

नवी वायर ओवण्याआधी उजवा शिफ्टर सर्वांत लहान कॉगच्या (मागच्या दातेरी चाकाच्या) स्थितीपर्यंत सोडा, नाहीतर डोकं घरात बसणार नाही. वायर हाताने ताणून डिरेलरवरचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरने आवळा. आता डाउनट्यूबवरची उघडी वायर मुठीत धरून दोन-तीनदा जोरात ओढा, म्हणजे आऊटरच्या टोकांवरच्या टोप्या आणि आऊटर आपापल्या जागी बसतील. ढिली झालेली वायर पुन्हा ताणून बांधा. मोठ्या कॉगवर चढायला वेळ लागत असेल तर वायरचा ताण बदलणारा बॅरल ॲडजस्टर पाव-पाव फेरा बाहेर काढा. वायरचं टोक ३-४ सेंमी ठेवून कापा आणि टोपी दाबा.

खरा शत्रू मात्र खाली बसतो. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलांचा आस बसतो त्या भागाच्या, पोटाशी प्लॅस्टिकची खोबण असते, तिच्यातून वायर सरकते. जांभ्याची तांबडी माती तिथे ओली होऊन बसते, वाळते आणि विटेसारखी घट्ट होते. मग साखळी मोठ्या कॉगवर मुकाट चढते, पण लहानवर उतरायला रेंगाळते, कारण उतरवताना वायर ओढणारी फक्त डिरेलरची स्प्रिंग असते. हे दिसलं की स्क्रू फिरवत बसू नका, वायर साफ करा. साखळी सर्वांत मोठ्या कॉगवर न्या, मग पेडल न फिरवता शिफ्टर लहान कॉगपर्यंत सोडा. वायर ढिली पडेल. चीर असलेल्या स्टॉपमधून आऊटर काढा, सरकवून वायर पुसा, खोबण गोड्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून आल्यावर तुषार बसलेले असतातच, तेव्हाही हे करा. अस्तर असलेल्या आऊटरला तेलाची गरज नसते. खोबरेल तर घालूच नका, २४ अंशांखाली ते गोठतं आणि डिसेंबरच्या पहाटे गिअर जड होतात. पाऊस संपला की दोन्ही वायरी बदला, आऊटरच्या मागच्या लहान तुकड्यासकट.

सोबत गिअरची एक वायर ठेवा. गावच्या दुकानात ब्रेकची मिळेल, पण तिचं डोकं शिफ्टरमध्ये बसत नाही. आणि वायर वाटेत तुटलीच, तर साखळी सर्वांत लहान कॉगवर पडून चढ अशक्य होतो. मागच्या डिरेलरवरचा लहान कॉगकडची हद्द ठरवणारा 'एच' स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळत न्या आणि पेडल फिरवत राहा. साखळी एक-दोन कॉग आत सरकेल. पुढे पेडलपाशी साखळी लहान चेनरिंगवर (पुढच्या दातेरी चाकावर) टाका आणि सड्यापर्यंत पोहोचा. नवी वायर घातल्यावर स्क्रू मोजून तेवढेच फेरे परत सोडा.