मायक्रो-अल्ट्रासाउंडने प्रोस्टेटची तपासणी: सुई उचलण्यापूर्वी काय पाहावे

गुदमार्गातून होणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफीत कर्करोगाच्या बऱ्याच गाठी भोवतालच्या ऊतीसारख्याच करड्या दिसतात, म्हणूनच बायोप्सीचे बारा तुकडे ठरावीक जागांवरून घेण्याची पद्धत रुळली. मायक्रो-अल्ट्रासाउंड या उच्च वारंवारितेच्या सोनोग्राफीचा प्रोब 29 मेगाहर्ट्झवर चालतो आणि सुमारे 70 मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे ग्रंथीतील नलिकांच्या मापाचा तपशील दाखवतो.

रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवावे. प्रोबच्या आवरणात जेल भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि प्रोब आत गेल्यावर तो दाबू नये. दाबाने ग्रंथीचा मागचा भाग चपटा होतो आणि नेमका तोच पाहायचा असतो. आधी आकारमान मोजावे. लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला 0.52 ने गुणले की ते मिळते, आणि पीएसएच्या (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाच्या) रक्तातील पातळीला त्याने भागले की पीएसए घनता. ती 0.15 किंवा त्याहून अधिक असेल तर संशय वाढतो.

त्यानंतर प्रोब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवत संपूर्ण ग्रंथी उभ्या छेदात पाहावी. घाई बहुधा इथेच होते. निरोगी पेरिफेरल झोनमध्ये, म्हणजे ग्रंथीच्या मागच्या-बाहेरच्या भागात, बारीक, एकसारख्या नलिका जाळीसारख्या दिसतात. ही जाळी कुठे विस्कटते ते शोधायचे. प्राय-मस या कर्करोगाचा संशय 1 ते 5 गुणांत मोजणाऱ्या पद्धतीत धुरकट, डागाळलेल्या किंवा फुलकोबीसारख्या भागाला 4, तर अनियमित सावली पडणाऱ्या किंवा ग्रंथीची कड मोडणाऱ्या भागाला 5 गुण देतात. जुनी सूज कधीकधी हुबेहूब गाठीसारखी दिसते, तर कॅल्शियमच्या खड्यांची सावली मागचे सारे झाकून टाकते. उच्च वारंवारितेच्या लहरी खोलवर क्षीण होत असल्याने मोठ्या ग्रंथीच्या पुढच्या भागासाठी एमआरआयची जोड घेणे मला शहाणपणाचे वाटते.

संशयित जागेचे तुकडे प्रथम घ्यावेत, कारण रक्तस्राव सुरू झाला की चित्र गढूळ होते. ठरावीक जागांचे तुकडे त्यानंतर. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमम चाचणीत, पूर्वी बायोप्सी न झालेल्या 678 पुरुषांमध्ये, मायक्रो-अल्ट्रासाउंडच्या आधारे केलेली बायोप्सी महत्त्वाचा कर्करोग शोधण्यात एमआरआय-आधारित बायोप्सीच्या तुलनेत कमी ठरली नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत ठेवून त्यावर जागा आणि दिलेला गुण लिहावा, म्हणजे पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर आपली नजर कुठे चुकली ते ताडून पाहता येते.